धीराचे रसायन

घरात कोणाचे दुखणे दोन गोड शब्दांनी हलके झाले की, ‘म्हणजे ते सोंगच होते!’ असा निवाडा देणारे कोणी ना कोणी निघतेच. हा निवाडा किती अन्यायाचा आहे, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

मेंदूतील पेशी एकमेकींस निरोप धाडतात, ते रासायनिक द्रव्यांच्या द्वारे. त्यांतील काही द्रव्ये म्हणजे अमिनो आम्लांचे मोजकेच मणी ओवलेल्या लहान माळा होत. त्यांस पेप्टाइडे म्हणतात.

अफूतील मॉर्फीनने वेदना शमते, हे जुनेच ज्ञान. मॉर्फीन ज्यांत जाऊन बसते, अशी जणू कुलपेच मेंदूत आहेत, हे १९७३ साली प्रयोगांनी सिद्ध झाले. परंतु एका झाडाच्या चिकासाठी निसर्गाने आपल्या मस्तकात कुलपे कशास घडवावीत? त्यांची किल्ली शरीरातच असली पाहिजे. १९७५ साली स्कॉटलंडातील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूंतून ती हुडकून काढली. तिचे नाव एन्केफॅलिन. तिचे दोन प्रकार. प्रत्येकात मणी अवघे पाच, आणि भेद केवळ शेवटच्या मण्याचा!

वेदनेची वर्दी देणाऱ्या पेशीच्या टोकाशी हे पेप्टाइड बसले की, त्या टोकात कॅल्शियम शिरण्यास अटकाव होतो. साहजिकच निरोपाचे द्रव्यही कमी सुटते. पुढची पेशी पोटॅशियम बाहेर सोडते व सहजासहजी चेतत नाही. जखम तशीच राहते. तिची वर्दी मात्र मंदावते.

१९७८ साली कॅलिफोर्नियात लेव्हाइन, गॉर्डन व फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांस औषध म्हणून निव्वळ निर्गुण द्रव्य टोचले. कित्येकांस उतार पडला. नंतर याच कुलपांत मॉर्फीनला बसू न देणारे नॅलॉक्सोन दिले, तेव्हा त्या उतार पडलेल्यांची वेदना पुन्हा वाढली. शरीरातील अफूसदृश द्रव्यांनीच तो आराम दिला होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

धीराने जखम भरत नाही. तीस वैद्यच हवा. परंतु आजेसासूबाईंचे गुडघे नातसुनेने जवळ बसून शेकल्यावर जो उतार पडतो, किंवा सुनेची डोकेदुखी आपुलकीच्या चौकशीने जी निवते, त्यावरून दुखणे खोटे ठरत नाही. दुखणे खरे असते, आणि उतारही खराच असतो.