‘हल्ली विसरायला होतं’ : तक्रार ऐकायची कशी?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे, की घरातल्या ज्येष्ठांनी ‘हल्ली विसरायला होतं’ म्हटले की ‘वय झालं आता’ असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. उलट काही जण मोबाइलवर स्मृतिभ्रंशाबद्दल काहीबाही वाचून चष्मा सापडला नाही तरी हादरतात. या दोन्हींमुळे एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे तक्रारीची नीट तपासणी.

भोसरी आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न आता घराघरांत येणार आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची. पुढच्या दोन-तीन दशकांत मराठवाडा, खानदेश, सातारा, सोलापूर इथून जे तरुण कामगार म्हणून इथे आले, त्यांतले बरेच जण आज सत्तरीत किंवा त्यापुढे आहेत. कारखान्यांचे शहर म्हणून आपण पिंपरी-चिंचवडकडे पाहतो. ते निवृत्तांचेही शहर होत आहे, हे अजून आपल्या ध्यानात आलेले नाही.

मुळात ‘मला विसरायला होतं’ या वाक्याला किती महत्त्व द्यायचे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील ‘लासी-डॅड’ अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. विसरण्याची तक्रार करणारे याहून कितीतरी अधिक. २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा : स्मरणशक्तीची तक्रार असलेल्या शंभर ज्येष्ठांपैकी वर्षाला साधारण दोघांना स्मृतिभ्रंश होतो, तक्रार नसलेल्यांत एकाला. म्हणजे धोका दुप्पट, पण बहुतेकांच्या वाट्याला तो आजार येत नाही. घाबरू नये, तसेच झटकूनही टाकू नये, असा याचा सरळ अर्थ.

याची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. आजार जसा वाढतो तशी आपण विसरतो आहोत याची जाणीवच अनेकांत पुसट होत जाते. ‘मला काही झालेलं नाही’ असे ठासून सांगणाऱ्या आजोबांना बायको आणि सून खुणेने ‘नाही’ म्हणत असतात, तेव्हा डॉक्टरांनी जास्त कान द्यायचा तो त्या दोघींकडे. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली याच तत्त्वावर आहे. ती रुग्णाला काही विचारत नाही; जवळच्या माणसाला विचारते, की दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत हे पैशाचे व्यवहार, नवी यंत्रे, परवाचे बोलणे कसे सांभाळतात? बदल मोजायचा तो त्या माणसाच्याच जुन्या क्षमतेशी.

म्हणून घरच्यांनी पाहायचे ते हे. शेजाऱ्याचे नाव पटकन न आठवणे आणि थोड्या वेळाने आठवणे हे वयाचे आहे. तोच प्रश्न अर्ध्या तासात चारदा विचारणे, रोजच्या भाजीबाजारातून घरी येताना वाट चुकणे, पेन्शन काढून आणल्यावर पुन्हा बँकेत जायला निघणे, चाळीस वर्षे केलेला स्वयंपाक अडखळणे, हे तपासायलाच हवे. आणि दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला, किंवा पडून डोक्याला मार लागल्यानंतर झाला, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तक्रार खरी असली तरी कारण मेंदूच्या झिजेचेच असते असे नाही. प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये तीस वर्षे काढलेल्या माणसाचे कान आधी गेलेले असतात. जे नीट ऐकूच आले नाही ते लक्षात राहणार कसे? ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत बहिरेपण, मधुमेह, उच्च रक्तदाब, नैराश्य, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषणही धरले आहे. ब-१२ जीवनसत्त्वाचेही तसेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत ते कमी आढळले. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. थायरॉइडचा बिघाड, झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीची आणि वारंवार लघवीला होण्यावरची काही औषधेही स्मरण मंदावतात. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर आलेले नैराश्य तर हमखास ‘काही लक्षातच राहत नाही’ याच शब्दांत बाहेर येते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे, म्हणून तर तपासणी हवी.

तपासणी मात्र माणूस पाहून हवी. जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य लिहा, आकृती काढा, असे त्यात आहे. चौथीत शाळा सुटलेली, पण भिशीचा हिशेब तोंडी ठेवणारी आजी त्यात नापास होईल; शिकलेला माणूस आजार सुरू झाला तरी पास होईल. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत याच अडचणीवर १९९५ च्या सुमारास हिंदी चाचणी घडवावी लागली. त्यामुळे नुसते गुण पाहून शिक्का मारू नये. हा शिक्का हलका नसतो. एकदा ‘बाबांना काही कळत नाही’ ठरले, की बँकेचे पुस्तक आणि जमिनीच्या कागदांवरचा अंगठा यांवर दुसऱ्यांचा हक्क सुरू होतो.

आता व्यवस्थेबद्दल. आशा कार्यकर्त्या घरोघरी भरतात त्या ‘सीबॅक’ अर्जात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न अर्जात आहे हे चांगले. पण तो उशिराचा आहे आणि ज्याचे स्मरण शंकास्पद त्यालाच विचारलेला आहे. घराचा पत्ता विसरेपर्यंत अनेक वर्षे हातची गेलेली असतात. त्याच अर्जात उदासीबद्दलचे दोन प्रश्नही आहेत. त्यांना घरच्या माणसासाठी एका प्रश्नाची जोड द्यावी : ‘वर्षभरात यांच्या रोजच्या कामांत बदल वाटतो का?’ होय म्हटले, तर महापालिकेच्या दवाखान्यात कान, ब-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब, चालू औषधे आणि मनःस्थिती एवढे पाहावे, आणि गरजेप्रमाणे भोसरीच्या किंवा पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात पाठवावे. यासाठी महागडे स्कॅन आधी लागत नाही. लागतात ती पंधरा-वीस मिनिटे आणि घरचे एक माणूस सोबत.

ती मिनिटे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात सापडत नाहीत, ही खरी अडचण आहे. म्हणून आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठांसाठी राखून ठेवावी, अशी मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी नगरसेवकांकडे लावून धरावी. आणि घरातल्यांनी जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी, काय-काय आणि कधीपासून बदलले ते कागदावर लिहून न्यावे. डॉक्टरांसमोर आधी त्यांना बोलू द्यावे, मग आपण बोलावे. ‘विसरायला होतं’ हे सांगायलाही धीर लागतो, आणि तो अनेकांनी महिनोन्‌महिने गोळा केलेला असतो.