मराठी मेनू मागावा लागतो
अंधेरीला लागून असलेल्या जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत ‘इंडिक्स’ प्रकल्पाने लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी जोडाक्षरं नीट उमटावीत म्हणून थेट एक्स विंडो यंत्रणेत काम केलं. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनीही तिथेच ‘रघु’ फाँट घडवला. केवढं मोलाचं काम! आज अक्षरं दिसतात, पण मेनू मराठीत हवे तर मागावे लागतात. डेबियन या लिनक्स वितरणात लिब्रेऑफिसचा मराठी भाग ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’ या स्वतंत्र पॅकेजात असतो, फायरफॉक्सचाही वेगळाच. उबुंटूत ‘चेक-लँग्वेज-सपोर्ट’ ही आज्ञा भाषेचे कोणते भाग टाकायचे राहिलेत ते सांगते. जेंटूत भाषा ठरवणाऱ्या ‘एल१०एन’च्या ओळीत ‘एमआर’ लिहावं लागतं. भाषांचे भाग असे वेगळे ठेवल्याने डिस्कवरची जागा वाचते, हे खरं. तरीही मुलुंड-बोरिवलीच्या मराठी शाळांत संगणक बसवणाऱ्यांनी हे भाग आठवणीने टाकावेत, आणि त्याआधी ‘एमआर_इन’ लोकॅल, म्हणजे यंत्रणेतली मराठी भाषेची मांडणी, तयार करावं. नाहीतर पॅकेज असूनही बहुतेक मेनू इंग्रजीतच उघडतात.