म्हातारा बैल विकायचा कुणाला? जालन्यातल्या गोठ्याचं अडलेलं गणित

जालन्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा बैल म्हणजे शेतातला गडी आणि अडीनडीला मोडता येणारा पैसाही. म्हातारा बैल विकायचा, त्यात भर घालून नवा आणायचा, ही इथली जुनी रीत.

ती मोडली कशी? राज्यात 1976 च्या कायद्यानं गोहत्येवर बंदी होतीच. पण कामातून गेलेला बैल दाखला घेऊन कत्तलीला देता यायचा. मार्च 2015 मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि बैल-वळूही बंदीत आले. शिक्षा 5 वर्षांपर्यंत कैदेची. म्हैस मात्र या बंदीबाहेर आहे.

आयर्लंडमध्ये गोमांस हा मोठा धंदा. वासरू वाढवतानाच ते पुढे विकायचं, हे ठरलेलं असतं. इथे शेवटच्या वर्षांचा खर्च कुणी धरायचा, हेच ठरलेलं नाही. त्यात वैरणीची ओढाताण. ज्वारीची जागा कापूस-सोयाबीननं घेतली, मग कडबा येणार कुठून? दुष्काळात तर छावणीची वाट बघावी लागते.

30 सप्टेंबर 2024 ला सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं. गोशाळांना देशी गाईमागे रोज 50 रुपयांचं अनुदानही ठरलं. चांगलंच आहे. पण हे पैसे गोशाळेला. घरच्या दावणीला थकलेला बैल सांभाळणाऱ्याला त्यातला एक रुपयाही नाही, आणि त्याची वैरण रोज लागतेच.