सुईने कॅन्सर पसरत नाही, पेशींची पकड बदलल्याने पसरतो

स्तनात गाठ आहे, सुईने तुकडा काढून तपासू या, असं म्हटलं की भोर-वेल्ह्याकडच्या घरांतून एक उत्तर हमखास येतं: "डॉक्टर, हत्यार लावू नका. हत्यार लागलं की पसरतं." मग कुणी लेप लावतं, कुणी "भाताची लावणी उरकू दे, मग बघू" म्हणतं, आणि बघता बघता दिवाळी येते. या समजुतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. गाठ तपासली आणि वर्षाच्या आत बाई गेली, असं लोकांनी पाहिलेलं असतं. पण अशा वेळी बहुधा तपासणीलाच उशीर झालेला असतो. दोष मात्र सुईच्या माथी येतो.

मग पसरतो कशामुळे? इथे पेशींच्या 'पकडीची' गोष्ट समजून घ्यावी लागते.

आपल्या पेशी सुट्या नसतात. ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने त्या शेजारच्या पेशीला धरून असतात, आणि इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी भोवतालच्या तंतूंच्या जाळीला. ही प्रथिनं नुसता डिंक नव्हेत. ती पेशीच्या आत निरोपही पोचवतात. शेजारी घट्ट धरलेला असला की "आता वाढ पुरे" असा. पायाखाली जाळी लागली की "जगायला, वाढायला हरकत नाही" असा. भाताचं रोप आठवा. लावणीनंतर चिखलात मूळ धरल्याशिवाय त्याला खत लागू पडत नाही. पेशीचंही तसंच आहे. वाढीची द्रव्यं हे खत, आणि इंटिग्रिन ही मुळं.

कॅन्सरच्या पेशीत हे दोन्ही निरोप बिघडतात. यातला एक महत्त्वाचा धागा आपल्या पुण्यातच उलगडला. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. गोपाल कुंडू यांच्या गटाने 2004 साली स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरचं काम प्रसिद्ध केलं. ऑस्टिओपाँटिन नावाचं प्रथिन इंटिग्रिनला येऊन चिकटतं, पेशीच्या आतलं एक एन्झाइम जागं होतं, आणि ते ईजीएफआर या वाढीच्या ग्राहकालाच चालू करतं. म्हणजे पकडीच्या दारातून आलेला निरोप वाढीची घंटा वाजवतो! पुढे ती पेशी युरोकायनेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडते, त्याने भोवतालची जाळी विरघळायला मदत होते आणि वाट मोकळी होते. पसरण्याची तयारी ही अशी आतून होते, आणि सुई लागायच्या कितीतरी आधी ती सुरू झालेली असू शकते.

सुईच्या वाटेत काही पेशी सांडतात, हे खोटं नाही. पण पकड सुटलेल्या बहुतेक पेशी तग धरत नाहीत, आणि सुईने तुकडा तपासल्यामुळे बायकांचं आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही. चार-सहा महिने थांबल्याने मात्र आजार नक्की पुढे जाऊ शकतो.

शिवाय पेशींची पकड कशी आहे, हे तुकडा काढल्याशिवाय कळणार कसं? लोब्युलर नावाच्या प्रकारात ई-कॅडहेरिन बहुधा नाहीसंच झालेलं असतं. पेशी एकमेकींना धरत नाहीत, एकामागे एक रांगेने शिरतात, त्यामुळे ठळक गाठ बनतेच असं नाही. नुसता जाडसरपणा येतो, बोंड आत ओढलं जातं, कधी मॅमोग्राफीतही नीट दिसत नाही. म्हणून "गाठ शोधा" हा आपला आरोग्य-प्रचार मला अपुरा वाटतो. आशाताईंनी घरोघर सांगताना "स्तनाचा आकार, कातडी, बोंड बदललं तरी या" हेही सांगायला हवं.

त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. हर-टू हा ईजीएफआरचाच भाऊबंद. तो जास्त असेल तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध उपयोगी पडतं, नसेल तर त्याचा खर्च आणि त्रास वाचतो. इंटिग्रिन अडवणारं औषध मात्र स्तनाच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात अजून आलेलं नाही. तसं सांगून कुणी बाटली विकत असेल तर घेऊ नका.

पानशेतच्या वरच्या वाड्यांतून किंवा भाटघरच्या पलीकडून पुण्याला यायचं म्हणजे दिवस जातो, मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून एक कामाची गोष्ट. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर रिपोर्टसोबत तो ब्लॉक प्रयोगशाळेकडून मागून घ्या. बहुतेक वेळा पुन्हा सुई लावावी लागत नाही.