हॉलची चावी कोणाकडे आहे?

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्याला गणपतीतलं स्टेज, निवेदक आणि हिंदी गाणी आठवतात. आठवड्यातून दोनदा सराव करणारा, विद्यार्थ्यांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ही परदेशातल्या विद्यापीठांची चैन वाटते. विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आपल्या पोरांना त्यात रस नाही."

साफ खोटं. पावसाळ्यात संध्याकाळी निगडी-चिखलीकडे चक्कर मारा. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आलेली, हिंजवडीतून सुटलेली पोरं-पोरी मोकळ्या प्लॉटवर कमरेला ढोल बांधून उभी असतात. ताशाचा इशारा येतो आणि सगळी टिपरं एका क्षणात थांबतात. रस आहे, शिस्त आहे, वेळही काढला जातो. नाही ती फक्त खोली.

दुसरा आक्षेप: ढोल आपला, सिंफनी परकी. मग हार्मोनियम कुठून आली? गोव्यातल्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रागांवर रचलेलं संगीत, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. कार्यक्रम झाला सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात. वादक विद्यार्थी नव्हते. पण कॉलेजनं जागा दिली, हे महत्त्वाचं.

मी शिकलो त्या इंजिनिअरिंग कॉलेजात एसी ऑडिटोरियम होतं. ते उघडायचं फेस्टला, नाहीतर तपासणी समिती आली की. आम्ही पाच जण, दोन व्हायोलिन, बासरी, कीबोर्ड, तबला, पार्किंगमध्ये वाजवायचो. अर्जावर उत्तर आलं: प्लेसमेंट झाल्यावर बघू. डीजे नाइटला मात्र कधीच थांबावं लागलं नाही.

आता कुणी म्हणेल, ऑर्केस्ट्रानं टीमवर्क येतं, रिझ्युमेला बरं. कृपा करून हे नको. आमचं सगळंच रिझ्युमेसाठी झालंय. सेकंड व्हायोलिन वेगळं कुणाला ऐकू येत नाही. ते थांबलं की मात्र सूर पोकळ होतो. बारावीपासून रँक आणि पॅकेज मोजत आलेल्या पोराला, आपला नंबर न लागताही आपण लागतो, हे कळायला दुसरी कुठली जागा आहे?

अभ्यास आणि अभ्यासेतर यांत भिंत नको, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सांगतं. मग मागणी साधी आहे: आठवड्यातून दोन संध्याकाळी हॉल, एका शिक्षकाचं मानधन, थोडी जुनी वाद्यं. ढोलापासून सुरुवात केली तरी चालेल. पैसे नाहीत म्हणू नका. यंदाची डीजे नाइट रद्द करा आणि चावी द्या.