कापणी प्रयोगाला हजर राहा

2025 च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे पुराने वावरेच्या वावरे खरवडून नेली. अशा वेळी गावात पहिला प्रश्न असतो, 'पैसेवारी किती लागली?' पण शेतकरी बंधूंनो, पीक विम्याचा पैसा पैसेवारीवर मिळत नाही. तो ठरतो पीक कापणी प्रयोगावर. 2025 च्या खरिपात तर राज्याने सगळी भरपाई याच प्रयोगांवर नेऊन ठेवली.

मंडळातली मोजकी वावरे चिठ्ठी काढावी तशी निवडतात. त्यात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. त्यावरून मंडळाची हेक्टरी सरासरी निघते. ती उंबरठा उत्पन्नाखाली गेली तरच भरपाई. तुमच्या एकट्याच्या सोयाबीनमध्ये गुडघाभर पाणी असले, तरी हिशेब मंडळाचाच. आणि हा उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीचे सत्तर टक्के. म्हणजे आज लिहिलेला आकडा पुढच्या वर्षांतही आडवा येऊ शकतो.

एवढे असून कापणीच्या दिवशी बांधावर कोण? तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), कृषी खात्याचा माणूस, विमा कंपनीचा एखादा पोरगा आणि वावराचा मालक. बाकी गाव पारावर! सरपंच, पोलीस पाटलांनी प्रयोगाची तारीख आणि गट नंबर आधीच फळ्यावर लावावा. चौकोन चांगल्या पिकाकडे सरकतो का, काटा बरोबर आहे का, हे चार जणांनी उभे राहून बघावे. वजन तिथेच वहीत उतरवून घ्यावे. कर्मचाऱ्यांनी राग मानू नये. उद्या आकड्यावर वाद झाला, तर हेच चार जण त्यांचेही साक्षीदार होतील.