नोबेल कशाचं आणि बोलणं कशाबद्दल?

‘अहो, नोबेल मिळालेला माणूस सांगतोय!’ असं कुणी म्हटलं की समोरच्यांची तोंडं बंद होतात. माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. नोबेल कशाचं, आणि हे बोलणं कशाबद्दल?

लायनस पॉलिंग यांचंच बघा. 1954 चं रसायनशास्त्राचं आणि 1962 चं शांततेचं, अशी दोन नोबेलं एकट्याच्या नावावर. 1970 मध्ये त्यांनी चक्क पुस्तक लिहून सांगितलं, की क जीवनसत्त्व भरपूर घ्या, सर्दी टळेल. लोकांनी गोळ्यांवर उड्या टाकल्या. पुढे चाचण्या झाल्या. रोज गोळ्या घेऊनही सर्वसामान्य माणसाला सर्दी व्हायची ती होतेच, फार तर थोडी लवकर बरी होते, एवढंच हाती लागलं. कॅन्सरवरही त्यांनी क जीवनसत्त्वच सुचवलं होतं. मेयो क्लिनिकच्या 1979 आणि 1985 च्या चाचण्यांत तोंडावाटे दिलेल्या मोठ्या डोसांचा उपयोग दिसला नाही.

‘वैद्यक हा त्यांचा प्रांतच नव्हता,’ असं म्हणता येईल. पण स्फटिकांची रचना हा तर खास त्यांचाच प्रांत. 1982 मध्ये डॅन शेख्तमन यांना रूढ नियमांत न बसणारी रचना आढळली. पॉलिंग यांनी ती धुडकावली आणि अखेरपर्यंत मान्य केली नाही. 2011 चं रसायनशास्त्राचं नोबेल शेख्तमन यांना त्याच शोधासाठी मिळालं.

म्हणून ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ असं म्हणणारेही तितकेच चुकतात. पॉलिंग कुठे चुकले हे दाखवलं तेही तज्ज्ञांनीच, चाचण्या आणि प्रयोग करून. आणि ‘शेख्तमनलाही हसले होते’ हा तर भोंदूंचा लाडका युक्तिवाद. हसं झालेला प्रत्येक जण शेख्तमन नसतो.

आपल्या न्यायदर्शनानं शब्दाला प्रमाण मानलं, पण तो शब्द आप्ताचा हवा अशी अट घातली. म्हणजे त्याला विषयाचं खरं ज्ञान हवं आणि जे कळलं तेच सांगायची इच्छाही हवी. या अटीला आज आणखी दोन प्रश्न जोडावेत. सांगणाऱ्याकडे पुरावा काय आहे? त्याच विषयातले इतर जाणकार काय म्हणतात? तेव्हा पुढच्या वेळी कुणी मोठं नाव तोंडावर फेकलं, तर मान डोलावण्याआधी एवढं विचाराच. खऱ्या तज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही.